मांडवावरचा घेवडा, डब्यातलं बी आणि आजीच्या गोष्टी

मागच्या अंकात आपण दोन ओळींचं आवाहन टाकलं होतं, की वेलाच्या जुन्या शेंगा म्हणजे घेवडा, पावटा, वाल, अबई असं काही तुमच्या घरी पिढ्यांपासून चालत आलं असेल तर कळवा. त्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सअॅपवर पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज, शेंगांचे फोटो (निम्मे धूसर) असा नुसता पाऊस पडलाय. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते आणि एक-दोन अगदी वेगळे असे निवडलेत. नावं छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : सासूबाईंनी जुन्नरकडच्या माहेरून आणलेलं घेवड्याचं बी जूनमध्ये गच्चीवर लावलं. वेल बाल्कनीच्या ग्रिलवरून वरच्या मजल्यावर पोचला, पण सप्टेंबर संपला तरी एक फूल नाही. नर्सरीवाला म्हणतो गावठी बी आहे, वांझ निघालं, उपटून टाका आणि हायब्रीड लावा. काय करू? (पुणे)

उपटू नका! निदान दिवाळीपर्यंत तरी हात लावू नका त्याला.

वेलात काही खोट नाहीये, तो वाट बघतोय. आपला जुना मांडवावरचा घेवडा दिवसाच्या लांबीवर चालतो. पुण्या-मुंबईकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरात अकरा तासांवर येतो, हा दोनेक तासांचा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही पण वेलाला बरोब्बर कळतो. रात्र पुरेशी मोठी झाली की मगच तो फुलोऱ्यावर येतो, तोपर्यंत नुसती पानं काढत राहतो. म्हणून जूनला लावा नाहीतर ऑगस्टला, फुलं साधारण ऑक्टोबरच्या पुढेच, आणि शेंगांचा खरा बहर थंडीत. तुमच्या नर्सरीवाल्याला जी सवय आहे ती सुधारित झुडपी वाणांची, बंगळुरूच्या संस्थेचे अर्का जय, अर्का विजय किंवा दापोली विद्यापीठाचा कोकण भूषण वगैरे, त्यांना दिवस लहान-मोठा असल्याने फरक पडत नाही, कधीही लावा, दोन-अडीच महिन्यांत शेंगा. चांगलेच आहेत ते, मी काही त्यांच्या विरोधात नाही, पण त्यांच्या मापाने जुन्या वेलाला वांझ म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं.

आता दोन गोष्टी तपासा. एक, ग्रिलच्या समोर रस्त्याचा दिवा आहे का किंवा बाल्कनीत रात्रभर ट्यूब चालू असते का? हा वेल खरं तर अंधार मोजतो, त्यामुळे रात्री उजेड पडत राहिला तर त्याच्या हिशोबात रात्र लांबतच नाही. शहरात कित्येक वेली यामुळेच रुसतात, एका बाजूला फुलं आणि दिव्याकडच्या बाजूला नुसता पाला असंही बघायला मिळतं. दोन, शेणखत किंवा युरिया भरपूर घातलाय का? घेवडा आपल्या मुळांवरच्या गाठींमधून नत्र स्वतःच मिळवतो, त्यात आपण अजून ओतलं की पाला माजतो. आता खत बंद करा, पाणी थोडं ताणून द्या आणि वर गेलेले शेंडे खुडा म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील, फुलं त्यांच्यावरच येतात.

आणि सासूबाईंना एक विचारा, चातुर्मासात त्यांच्या घरी घेवडा चालायचा का. बहुतेक नाही म्हणतील. आषाढी ते कार्तिकी या चार महिन्यांत जे वर्ज्य सांगितलंय त्या यादीत पांढरे पावटे, घेवडा, चवळी, वांगी अशी नावं आहेत. आणि पुढे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, त्याच पावट्या-घेवड्याशिवाय भाजी पूर्ण होत नाही, बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीबरोबर. म्हणजे वेल ज्या काळात रिकामा असतो त्या काळात खायचा नाही आणि लदलदलेला असतो तेव्हा खायचाच, असं कॅलेंडर सासूबाईंच्या डोक्यात आधीच होतं, ते बियाबरोबर पुण्याला आलं नाही एवढंच. नियम करणाऱ्याने दिवसाची लांबी मोजून नियम केला असं माझं म्हणणं नाही हां, चवळीला हा हिशोब लागूही होत नाही, ती तर भर पावसाळ्यात शेंगा देते. पण ज्या घरात हा नियम पाळला जायचा त्या घरात सप्टेंबरात कोणी घाबरून वेल उपटत नव्हतं हे नक्की.

प्रश्न : चातुर्मासात घेवडा-वाल वर्ज्य असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे तर श्रावणी सोमवारी संध्याकाळी उपास सोडायला वालाचं बिरडं लागतंच. मग आम्ही काय अधर्म करतो का? (रोहा)

काही अधर्म नाही, बिनधास्त खा आणि मलाही बोलवा.

घराघरांचे नियम वेगळे असतात, आणि रायगड-ठाण्याकडे श्रावणी सोमवार आणि बिरडं हे ठरलेलंच आहे. फरक एवढाच की ते बिरडं गेल्या हंगामातल्या सुक्या वालाचं असतं, वेलावरच्या हिरव्या शेंगेचं नाही. तुमच्याकडचा कडवा वाल भात कापल्यावर शेतातल्या उरलेल्या ओलीवर येतो, त्याला मांडव लागत नाही, माघापर्यंत काढणी होते आणि मग वर्षभर डब्यात. त्याच काळात शेतावर पोपटी लागते, मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, ओवा, जाडं मीठ, पाण्याचा थेंब नाही, मडकं उलटं करून भोवती जाळ. पोपटीबद्दल इतकी पत्रं आलीत की त्यावर वेगळं लिहावं लागेल.

बिरड्यावरून एक मात्र सांगते. वाल रात्रभर भिजवायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचा आणि मगच शिजवायचा, ही सगळी कटकट नुसत्या चवीसाठी नाहीये. सुक्या वालात सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं असतात, भिजवून, पाणी टाकून, नीट उकळून ती कमी होतात. जांभळ्या-काळ्या बियांच्या शोभेच्या जातींत ती जास्त सापडतात. त्यामुळे कुठल्यातरी रीलमध्ये "सोक न करता इन्स्टंट वाल" दिसलं तर पुढे स्क्रोल करा.

प्रश्न : आईने दिलेलं पावट्याचं बी दरवर्षी जपून ठेवते, पण पावसाळा येईस्तोवर डब्यात नुसता भुगा आणि किडे. डबा घट्ट झाकणाचा आहे, तरी किडे आत जातात कुठून? (नाशिक)

आत जात नाहीत, आतच असतात. भुंगेऱ्याची मादी शेतात, वेलावर, वाळत आलेल्या शेंगेवरच अंडी घालून जाते, अळी दाण्यात शिरते आणि तुम्ही डब्याला झाकण लावता तेव्हा ती आत बसलेली असते. दाणा हातात घेऊन बघा, सालावर पांढरा बारीक ठिपका चिकटलेला दिसला तर ते अंडं.

त्यामुळे काम सुरू होतं ते वेलावरच. बियाच्या शेंगा हंगामाच्या मध्यातल्या ठेवा, आणि ठेवायच्या म्हणजे पहिल्यापासून सुतळी किंवा रंगीत चिंधी बांधून ठेवायच्या, नाहीतर पाहुणे आले की त्याच भाजीत जातात. लोक नेमकं उलटं करतात, चांगल्या चांगल्या खाऊन टाकतात आणि शेवटी वेल थकल्यावर ज्या वाकड्या-तिकड्या चार उरतात त्यांचं बी धरतात, आणि मग दहा वर्षांनी म्हणतात वाणच बिघडला. वेलसुद्धा एकच नको, जमेल तेवढ्या जास्त निरोगी वेलांवरच्या शेंगा धरा. शेंग वेलावर वाळून खुळखुळ वाजायला लागली की लगेच काढा, वाळल्यावर जितकी जास्त लटकेल तितकी कीड.

मग सोला, भोकं पडलेले, ठिपकेवाले, सुरकुतलेले दाणे वेगळे करा आणि बाकीचे सावलीत वाऱ्यावर चांगले आठवडाभर वाळवा. दाताखाली धरा, दात रुतला तर ओलं, टचकन तुटला तर झालं. पूर्ण वाळल्यावर काचेच्या बरणीत भरून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, अंडी-अळ्या सगळं मरतं. ओलं बी मात्र फ्रीजरमध्ये टाकलं तर बीच मरेल, म्हणून आधी दाताची परीक्षा. आणि बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही, खोलीइतकी गरम होऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. फ्रीजर नको असेल तर आपली जुनी पद्धत आहेच, चुलीची चाळलेली राख दाण्यांच्या जवळजवळ बरोबरीने घालून मडक्यात गच्च भरायची आणि तोंड शेणमातीने लिंपायचं. राखेत भुंगेऱ्याला हलता येत नाही, जोडीदार सापडत नाही, पिढी पुढे सरकत नाही. तेलाचं बोटही चालतं, किलोला चमचाभर पुरे, आपल्या आया डाळी-कडधान्यांना एरंडेल लावायच्या ते याचसाठी.

कडुनिंबाची पाने टाका म्हणून चार जणींनी लिहिलंय. टाका, पण वाळवलेली टाका. ओल्या पानांनी बरणीत ओल जाते आणि किड्याच्या जागी बुरशी येते.

घरच्या बरणीत घेवड्याचं बी तीन-चार वर्षं चांगलं उगवतं, पुढे टक्का घसरत जातो. म्हणून निदान दर दोन वर्षांनी थोडं तरी लावा आणि सगळं बी एका वर्षी कधीच पेरू नका.

प्रश्न : वाघ्या घेवडा म्हणजे हाच का? (सांगली)

नाही. सातारा जिल्ह्यात कोरेगावकडचा तो वाघ्या घेवडा म्हणजे राजमा, दाण्यावर वाघासारखे पट्टे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. झुडूप वेगळं, वनस्पतीची जातही वेगळी. आपण बोलतोय तो मांडवावरचा, चपट्या शेंगेचा.

प्रश्न : एकाच मांडवावर पांढऱ्या फुलाचा हिरवा घेवडा आणि जांभळ्या शेंगेचा असे दोन्ही चढवले होते. यंदा हिरव्याचं बी पेरलं तर दोन रोपं जांभळट आली. बी बाटलं का? (अकोला)

थोडं बाटलं, पण रडण्यासारखं काही नाही.

घेवड्याचं फूल बहुतेक वेळा आपल्या आपणच फळतं, म्हणून तर आपल्या आज्यांना विलगीकरण वगैरे शब्द माहीत नसताना पिढ्यानपिढ्या वाण बऱ्यापैकी शुद्ध राहिले. पण तो मोठा काळा भुंगा येतो ना घोंघावत, तो फूल दाबून आत तोंड घालतो आणि एका वेलाचे पराग दुसऱ्यावर नेतो, तेवढी भेसळ होते. गंमत म्हणजे त्या वर्षी शेंग आणि दाणा बघून काहीच कळत नाही, कारण शेंगेची आणि दाण्याची साल आईचीच असते, बदल दिसतो तो पुढच्या वर्षी रोप उगवल्यावर. म्हणून पांढऱ्या फुलाच्या बियातून जांभळट खोडाचं रोप आलं की ते लहानपणीच काढून दुसऱ्या कुंडीत लावा. फेकू नका मात्र! तो नवा घेवडा आहे, खाऊन बघा, आवडला तर त्याचं वेगळं बी धरा. आपल्याकडे जे शंभर तऱ्हेचे घेवडे दिसतात, लाल काठाचे, बुटके, लांब, दाणेदार, ते काही आभाळातून पडले नाहीत, त्यात भुंग्याचाही वाटा आहे आणि ज्या बाईने ते वेगळं रोप न उपटता वाढू दिलं तिचाही.

पुढच्या वर्षी दोन मांडव लांब करा, एक परसात एक पुढे. जागा नसेल तर एक वर्ष हा, एक वर्ष तो. अगदीच नाही तर बियाच्या चार फुलोऱ्यांवर फुलं उमलायच्या आधी मलमलची पिशवी बांधा आणि शेंगा धरल्या की काढा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते, तिला आमच्या घेवड्याचं बी हवंय. पाकिटात घालून कुरिअर करू का? आणि तिथे येईल का? (डोंबिवली)

पाकिटात घालून नको. अमेरिकेत बी पाठवायचं तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, तिकडचा परवाना अशी कागदपत्रं लागतात, नाहीतर कस्टम्सवाले जप्त करून नष्ट करतात. पिढ्यांचं बी असं कचऱ्यात जाण्यापेक्षा तुमच्याच बरणीत बरं.

आणि कागदपत्रं करून पोचलं तरी वर पुण्याच्या ताईंना सांगितलं तेच तिथे दुप्पट अडचणीचं होतं. न्यू जर्सीत जूनचा दिवस पंधरा तासांचा, रात्र मोठी व्हायला सप्टेंबर उजाडणार, मग फुलं, आणि शेंगा भरायच्या आत ऑक्टोबरात पहिलं हिम पडून वेल काळा. मुलीला म्हणावं तिकडेच मिळणारं लवकर फुलणारं बी घे. तिकडे आपला जांभळा घेवडा चक्क शोभेचा वेल म्हणून लावतात, व्हर्जिनियात माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनच्या माँटिसेलो या घराच्या बागेत त्याचा मोठा मांडवच आहे, लोक खाली उभे राहून फोटो काढतात. मात्र शोभेच्या पाकिटातल्या वेलाच्या कोवळ्या शेंगा खायच्या झाल्याच तर आधी नीट खात्री करून, उकळून, आणि सुके दाणे तर नकोच.

प्रश्न : आमचा बचत गट जुन्या वाणांचं बी गोळा करतोय. हे विकायला कायद्याने परवानगी आहे का? एक जण म्हणाले लायसन नसेल तर केस होईल. (अकोले तालुका)

तुम्ही ज्या तालुक्यातून लिहिताय तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव मी तुम्हाला सांगणं म्हणजे जरा मजेशीरच. बाकीच्या वाचकांसाठी सांगते, शाळेत न गेलेल्या या बाईंनी घरातच बियाणं बँक उभी केली, पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडच्या वाणांमध्ये घेवड्या-वालाचे प्रकार भरपूर आहेत. नातू सारखा आजारी पडायला लागला तेव्हा त्यांनी गावठी बियाकडे वळायचं ठरवलं असं त्या सांगतात.

कायद्याचं म्हणाल तर २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पेरायला, एकमेकांत द्यायला-घ्यायला आणि विकायलाही हक्क दिलाय, अट एवढी की ब्रँडचं नाव लावून, छापील पाकिटात कंपनीसारखं विकायचं नाही. म्हणजे जत्रेत, आठवडी बाजारात मोकळं बी विका, पुरचुंडीवर गाव, वाण आणि साल हाताने लिहा. दुकानाला पुरवठा, ऑनलाइन विक्री, लोगो असं सुरू करायचं असेल तर मात्र आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारा, त्याचे नियम वेगळे. याच कायद्यात शेतकऱ्यांचे वाण गटाच्या नावाने नोंदवायचीही सोय आहे, त्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

माझं विचाराल तर विक्रीपेक्षा बियाणं बँकांची जुनी रीत बरी, मूठभर न्यायचं आणि हंगामाला दुप्पट आणून द्यायचं. पैसे देऊन नेलेलं बी कपाटात पडून राहतं, उसनं नेलेलं लोक लावतात, कारण परत करायचं असतं ना.

प्रश्न : बी ठीक आहे, पण गोष्टी कशा जपायच्या? आजी ८८ वर्षांची आहे, वेलांबद्दल खूप काही सांगते पण त्यातलं अर्धं अंधश्रद्धा वाटतं. तेही लिहायचं का? (सोलापूर)

सगळं लिहा. गाळणी नंतर लावता येते.

आजीला "घेवड्याच्या गोष्टी सांग" असं विचारलंत तर ती म्हणेल कसल्या गोष्टी, काही नाही. त्यापेक्षा कामाचं विचारा. बी कोणाच्या हाताने लावायचे, कुठल्या सणाला कोणती शेंग लागायची, कोणाला द्यायचं नाही असं होतं का, लेकीच्या ओटीत बी घालायचे का, वेलावर मावा पडला तर काय करायचे. ऋषिपंचमीचं नक्की विचारा, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून शेतातलं बंद, परसातल्या वेलाचं, कुदळीने खणलेलं तेवढंच चालतं. म्हणजे घरामागे नांगर न लागता वाढलेले दोन-चार वेल असणं ही वर्षातून एकदा तरी गरजच होती, आणि ते वेल बायकांच्या हातातले. शेतात काय पेरायचं ते पुरुष ठरवायचे, बाजार ठरवायचा, पण परसातल्या मांडवावर कोणता घेवडा चढणार हे घरातली म्हातारी ठरवायची. जुने वाण टिकले ते बहुतेक तिथेच.

आता अंधश्रद्धेचं. "पाळीत वेलाला हात लावला की वेल जळतो" हे तुमच्या आजीने सांगितलं असेलच, महाराष्ट्रभर सांगतात. लिहून ठेवा की असं मानायचे, आणि पाळू नका, वेलाला काहीही होत नाही. पण "मुंग्या चढल्या की दोन दिवसात शेंडे गोळा होतात" असं ती म्हणाली तर ते नीट ऐका, मुंग्या माव्याच्या मागे असतात, ते निरीक्षण आहे. एकाच तोंडून दोन्ही येणार, त्याला इलाज नाही.

रेकॉर्डिंग फोनवर करा पण त्यावर विसंबू नका, फोन बदलला की गेलं. बियाच्या बरणीतच एक चिठ्ठी टाका : वाणाचं घरातलं नाव, कोणाकडून आलं, कोणत्या गावचं, कधी लावायचं, फुलं कधी, काय करून खायचं, काय टाळायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत उणे १८ अंशांवर बी कित्येक वर्षं जिवंत राहतं, ते काम मोठंच आहे, पण तिथल्या पाकिटावर भोगीची भाजी कशी करायची ते कोण लिहिणार? पुण्याच्या ताईंच्या बियाबरोबर "दिवाळीच्या आत फूल शोधू नये" एवढी एक ओळ आली असती तरी नर्सरीवाल्याकडे जायची वेळ आली नसती.

प्रश्न : रानात कुंपणावर एक शेंगेचा वेल सापडलाय, शेंग मोठी, तलवारीसारखी. शेजारी म्हणतात अबई आहे, खा. फोटो पाठवलाय. (सिंधुदुर्ग)

फोटोत शेंगेपेक्षा तुमचा अंगठाच जास्त आलाय! अबई असेल तर शेंग हातभर लांब, रुंद, कडेला उभ्या धारा असतात. ती कोवळी असतानाच खातात, जून झालेले दाणे बाधतात, दोन-तीनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय तोंडात घालू नयेत. शेंगेवर सोनेरी-तपकिरी मखमली लव असेल तर ती खाजकुइली, हात लावलात तर दिवसभर खाजवत बसाल, चुकून लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मग धुवा. शेंग, दाणा, पान आणि फूल असे चार वेगळे फोटो उजेडात काढून पुन्हा पाठवा, तोपर्यंत शेजाऱ्यांना आधी खाऊ दे.